दोन नंबरला वास येतो

“गोड होतंय,” काचेपलीकडून शानभागसाहेब म्हणाले. “प्रफुल्ल, परत गोड झालं.”

प्रफुल्लने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. सकाळपासून तो तेच गाणं म्हणत होता आणि सकाळपासून तेच उत्तर येत होतं. शानभागसाहेब ताडदेवच्या त्या स्टुडिओचे रेकॉर्डिस्ट. सिनेमाची गाणी, भावगीतं, आरत्या यांच्यात त्यांची हयात गेलेली. गोड आवाजाला नावं ठेवायची पाळी त्यांच्यावर आमच्यामुळेच आली होती.

“मुद्दाम कर्कश म्हणू का?” प्रफुल्लने विचारलं.

“कर्कश नको रे. पहिल्या दिवशी तूच मला काय सांगितलंस? आमच्या गाण्यात गायचं नसतं, सांगायचं असतं. मग सांग की! तू मला गाऊन दाखवतोयस.”

मी सिंथेसायझरवर हात ठेवून बसले होते. जयवंत भिंतीजवळच्या बाकावर होता. त्याचे ड्रम आदल्या दिवशीच टेपवर गेले होते. आता उरलं होतं ते एवढंच. प्रफुल्लचा आवाज, आणि त्याच्यामागे मी वाजवायचा कारखान्याचा भोंगा. संध्याकाळी स्टुडिओ सिनेमावाल्यांच्या ताब्यात जाणार होता, तो पुढे महिनाभर. कॅसेट कंपनीने बजावलं होतं की आज झालं तर हे गाणं आल्बममध्ये, नाही तर त्याच्यावाचून आल्बम. खरं तर त्यांना तो त्याच्यावाचूनच हवा होता.

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याऐंशीची. आमच्या बँडचं नाव ‘तिसरी पाळी’. खोपोलीच्या अलीकडे एक केमिकल कंपनी होती, तिच्या कॉलनीत प्रफुल्ल आणि मी वाढलो. माझे आप्पा, म्हणजे नारायण घरत, आणि प्रफुल्लचे वडील तात्या वाघचौरे, दोघंही दोन नंबर प्लँटवर एकाच पाळीला. शनिवारी मारुतीच्या देवळात आप्पा पेटीवर आणि तात्या पखवाजावर. मी पेटी शिकले ती आप्पांच्या मांडीला मांडी लावून. जयवंत ठोंबरे गावातला, त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान. त्याचा मामा बोटीवर होता, आणि त्याने विलायतेहून आणलेल्या कॅसेटींनी आम्हाला बिघडवलं.

न्यू वेव्ह म्हणायचे त्या संगीताला. यंत्रासारखा ठोका, सिंथेसायझरचे थंड लांब सूर आणि वर एखादा माणूस आवाजात कंप न आणता, सपाट, हजेरी घेतल्यासारखा गाणार. बाकीच्यांना ते परकं वाटायचं. आम्हाला ते घरचं वाटलं. लहानपणापासून आमची झोपच कंप्रेसरच्या ठोक्यावर लागत होती.

पहिला आल्बम आम्ही पदरमोड करून काढला आणि कॉलेजाकॉलेजांतून तो बरा गाजला. दुसऱ्याला मोठी कंपनी मिळाली. त्याचं नाव ‘सवय’. या शेवटच्या गाण्याचं नावही तेच.

दोन नंबरला वास येतो
सांगितलं, सांगितलं, परत सांगितलं
साहेब म्हणतात, सवय होते
झाली. झाली. झाली.

एवढंच कडवं, पुन्हा पुन्हा. शब्द तात्यांचे होते. जेवताना ते रोज हेच बोलायचे. दोन नंबरच्या एका व्हॉल्व्हमधून सडक्या लसणासारखा वास यायचा आणि तात्यांनी तो साहेबांच्या कानावर घालून घालून शेवटी घरच्यांच्याच कानावर घालायला सुरुवात केली होती. आम्ही हे गाणं गणपतीत कॉलनीच्या मंडपात एकदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी आप्पांना ऑफिसात बोलावणं आलं. परत आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, “विमल, गाणी पुष्कळ आहेत जगात.” मुंबईला निघताना मी पाया पडले तेव्हाही त्यांनी कुठलं गाणं करणार ते विचारलं नाही.

जेवण झालं आणि शानभागसाहेब दारात आले.

“प्रफुल्ल, खोपोलीहून ट्रंक कॉल आहे. ऑफिसात ये. बहीण आहे तुझी, काहीतरी ॲक्सिडेंट म्हणतेय.”

शेवटचं वाक्य ते त्याच्या जवळ जाऊन बोलले. मला आणि जयवंतला ते ऐकू आलं नाही. ते मला नंतर कळलं. आम्ही फक्त प्रफुल्लला जाताना पाहिलं. जयवंत म्हणाला, “निर्मलाला सांग, माझ्यासाठी पण लाडू ठेव म्हणावं.” प्रफुल्ल हसलासुद्धा.

तो परत आला तेव्हा चेहरा धुऊन आला होता. शर्टाची कॉलर ओली होती.

“काय म्हणतेय निर्मला?” मी विचारलं.

“लगेच घेऊ या,” तो म्हणाला.

“चहा येतोय अरे.”

“चहा नको. विमल, तयार आहेस?”

“काय झालं?”

“तयार आहेस का, एवढंच सांग.”

असं तो माझ्याशी कधी बोलत नसे. मी जयवंतकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. प्रफुल्लने मायक्रोफोनवरचा छोटा दिवा बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. काचेपलीकडे शानभागसाहेब त्याच्याकडे बघत होते. त्यांनी हाताने काहीतरी विचारलं. प्रफुल्लने मान हलवली. तांबडा दिवा लागला.

ठोका सुरू झाला. मी भोंगा खालच्या सुरातून वर चढवायला लागले. आणि प्रफुल्ल बोलायला लागला.

ते गाणं नव्हतं. दुकानदाराला पत्ता सांगावा तसं तो सांगत होता. पहिल्या ओळीलाच माझी बोटं थबकली, पण थांबता येत नव्हतं. तो इतका सपाट, इतका स्वच्छ बोलत होता की माझ्या अंगावर काटा आला. ‘झाली’ हा शब्द तो सकाळपासून लांबवून म्हणत होता. आता तो दार ओढून घेतल्यासारखा आपटून बंद होत होता. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. शेवटच्या फेरीला ‘साहेब’ म्हणताना त्याने श्वास घेतला तो टेपवर अजून ऐकू येतो. आवाज मात्र कुठेही फुटला नाही. भोंगा मी वरच्या सुरावर धरून ठेवला आणि हळूहळू सोडला.

तांबडा दिवा विझला. जयवंत उठून उभा राहिला होता.

“आयला,” तो म्हणाला. “प्रफुल्ल, झालं की रे!”

प्रफुल्ल हेडफोनची वायर गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर त्याने ती सोडली आणि परत गुंडाळायला लागला.

शानभागसाहेब आत आले ते हातात गाडीच्या किल्ल्या घेऊनच. “चला. मी सोडतो. रेल्वेच्या वेळा बघत बसू नका.”

“कुठे?” मी विचारलं.

ते थांबले. माझ्याकडे, मग प्रफुल्लकडे बघितलं. “तू हिला सांगितलं नाहीस?”

“काय सांगितलं नाही?”

“तुमच्या कंपनीत अपघात झालाय,” शानभागसाहेब म्हणाले. “मघाचा फोन त्याचाच होता. हा मला म्हणाला, हिला माहीत आहे, गाणं संपवून निघतो.”

मला आधी काही उमगलंच नाही. मग मी विचारलं, “कुठल्या प्लँटला?”

प्रफुल्ल वायरकडे बघत म्हणाला, “दोन नंबर.”

मी त्याची कॉलर धरली. जयवंत मध्ये आला नसता तर मी त्याला मारलं असतं.

“आप्पा पहिल्या पाळीला होते आज! तुला माहीत होतं! आणि तू मला भोंगा वाजवायला बसवलंस?”

“आप्पा बरे आहेत,” तो म्हणाला.

“कोण म्हणालं?”

“निर्मला.”

“मग तेव्हाच का नाही बोललास? बरे असते तर तू येऊन पहिलं तेच सांगितलं असतंस!”

जयवंत म्हणाला, “तुम्ही निघा. सामान मी आवरतो आणि गाडीने येतो.”

शानभागसाहेबांची जुनी फियाट होती. प्रफुल्ल पुढे बसला, मी मागे. चेंबूर मागे पडलं. ठाण्याच्या खाडीवरचा पूल लागला आणि मला राहवेना.

“किती जण गेले?”

“मला सगळं माहीत नाही, विमल.”

“फोनवर बोललास ना तू?”

“लाइन नीट नव्हती.”

“लाइन नीट नव्हती, पण आप्पा बरे आहेत हे बरं ऐकू आलं!”

शानभागसाहेबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “बेटा, पोचू आपण.”

“साहेब, तुम्ही ह्याला ओळखत नाही. आल्बम, आल्बम, आल्बम! दोन वर्षं ह्याला दुसरं काही सुचलेलं नाही. तात्याही त्याच पाळीला होते, पण ते सुटले असणार. ह्याचा बाप सुखरूप आहे, म्हणून हा तिथे उभा राहून गात होता. स्वतःचा बाप आत असता तर गायला असतास का रे? सांग ना. गायला असतास?”

प्रफुल्लने काच खाली केली. वारा आत आला आणि त्याचे केस उडायला लागले. त्याने ते सारखे केले नाहीत.

“तुझे तात्या घरी बसले असतील, काकूंच्या हातचा चहा घेत,” मी म्हणाले. “तू जाशील, त्यांच्या पाया पडशील. आणि मी? मी कुठे जाऊ?”

पनवेलला शानभागसाहेबांनी गाडी थांबवली. मी एका औषधांच्या दुकानात पळत गेले आणि कॉलनीच्या दवाखान्याचा नंबर मागितला. दुकानदाराने पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. लाइन मरून पडली होती. “तिकडचेच का तुम्ही?” त्याने विचारलं. “दुपारपासून पोलिसांच्या गाड्या जातायत.” त्याने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, मी तो तसाच ठेवून परत आले. प्रफुल्ल गाडीतून उतरलासुद्धा नव्हता. डॅशबोर्डवर हात ठेवून बसला होता, एखादं वजन दाबून धरावं तसा.

“फोन लागत नाही,” मी म्हणाले. “पण तुला काय त्याचं. तुझा बाप सुखरूप आहे.”

“विमल,” शानभागसाहेब म्हणाले, “पुरे.”

पण मी थांबले नाही. पनवेलपासून चौक गावापर्यंत मी तेच तेच बोलत राहिले. बोलायची थांबले असते तर मला आप्पा दिसले असते, म्हणून बोलत राहिले. प्रफुल्लने एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

चौकच्या पुढे पोलिसांनी रस्ता अडवला होता. तोंडाला फडकी बांधलेली माणसं उलट्या दिशेने चालत येत होती, कुणी कोंबड्या घेऊन, कुणी म्हातारी माणसं सायकलवर बसवून. आणि वास. आयुष्यभर ओळखीचा असलेला तो वास इथपर्यंत, दोन गावं ओलांडून आला होता. शानभागसाहेब पोलिसाशी बोलले. गॅस बंद झालाय, आता धोका नाही, पण गाडी पुढे जाणार नाही, असं तो म्हणाला. मी रुमाल तोंडाला लावला आणि पळत सुटले. ते दोघं मागून चालत आले. प्रफुल्ल पळत नव्हता. मी एकदा मागे वळून पाहिलं आणि त्याचा मला पुन्हा संताप आला.

कंपनीच्या फाटकाबाहेर सगळी कॉलनी उभी होती. बाया ओले पदर तोंडाला धरून. कुणी मोठ्याने रडत नव्हतं, आणि ते जास्त भीतीदायक होतं. मी ओळखीच्या चेहऱ्यांना हाका मारत गेले. कुणीतरी दवाखान्याकडे हात केला.

दवाखान्याच्या पायरीवर आप्पा बसले होते.

दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. डोळे सुजून जवळजवळ मिटलेले. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी पट्ट्या बांधलेले हात माझ्या गालांना लावले.

“आलीस? बरं झालं,” ते म्हणाले. आवाज पार बसला होता. मग लगेच, “प्रफुल्ल कुठाय?”

मी मागे बघितलं. प्रफुल्ल फाटकापाशी येऊन उभा राहिला होता. त्याला पाहून गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. आप्पा उठले. मला ओलांडून ते त्याच्याकडे गेले.

“पोरा,” ते म्हणाले. “तुझा तात्या मला म्हणाला, नारू, तू जाऊन भोंगा दे, व्हॉल्व्ह मी बघतो. मी गेलो. परत आलो तर…”

“आप्पा, मला माहीत आहे,” प्रफुल्ल म्हणाला. “निर्मलाने सांगितलं फोनवर.”

“कधी?”

“दुपारी.”

शानभागसाहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून नुसता हातात धरून राहिले.

आप्पांनी प्रफुल्लला जवळ घेतलं. तेव्हा कुठे तो मोडला. उभ्या उभ्या, आप्पांच्या खांद्यावर तोंड दाबून, पखवाजावर थाप पडावी तसे हुंदके. आप्पांना हातांनी त्याला धरता येत नव्हतं, म्हणून ते त्याच्या डोक्याला आपलं डोकं लावून उभे होते.

तात्या एकटेच गेले. बाकीचे बाहेर पडू शकले, कारण भोंगा वेळेवर झाला होता.

तेराव्याच्या आदल्या दिवशी कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर देवस्थळी वाघचौऱ्यांच्या क्वार्टरवर आले. जयवंत, आप्पा आणि मी तिथेच होतो. आप्पा बाहेर व्हरांड्यात, आम्ही आत. देवस्थळींनी फळांची पिशवी काकूंपुढे ठेवली. वाईट माणूस नव्हता तो. घाम पुसत होता.

“वहिनी, चौकशी चालू आहे,” ते म्हणाले. “प्राथमिक अहवाल असा येतोय की वाघचौऱ्यांच्या हातून चुकीचा व्हॉल्व्ह उघडला गेला. घाईत होतं असं. कंपनी ते ताणणार नाही. प्रफुल्लला कायमची नोकरी, हे क्वार्टर तुमच्याकडेच. साहेबांनी शब्द दिलाय.”

“आणि?” प्रफुल्लने विचारलं.

“आणि ते गाणं. गणपतीतलं. कॅसेट निघतेय असं कळलं. ते तेवढं नको.”

प्रफुल्ल बोलणार होता. काकूंनी हात वर केला. काकू अंबाजोगाईकडच्या, कमी बोलणाऱ्या. गणपतीत त्या माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे त्यांनी ते गाणं ऐकलंच नव्हतं.

“कोणतं गाणं म्हणायलेत साहेब? मला ऐकवा.”

शानभागसाहेबांनी जयवंतजवळ एक कॅसेट पाठवली होती. जयवंतने टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला. ठोका सुरू झाला. त्या छोट्या खोलीत भोंगा चढायला लागला तसे देवस्थळी खुर्चीत अवघडले. त्या दिवसांत कॉलनीत कुणालाच तो आवाज ऐकवत नव्हता. मग प्रफुल्लचा आवाज आला. काकू जमिनीकडे बघत ऐकत होत्या. गाणं संपलं. टेप नुसती फिरत राहिली.

“हे कधी म्हटलंस?” त्यांनी विचारलं.

प्रफुल्लने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. “निर्मलाचा फोन आल्यावर.”

“म्हणजे मी दारात बसून तुझी वाट बघत व्हते, तवा?”

“हो.”

निर्मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती, तिने तोंडावर पदर घेतला.

“का रे?”

“मी आधी घरी आलो असतो, आई, तर मला ते परत म्हणताच आलं नसतं. म्हटलं असतं तरी रडगाणं झालं असतं. लोक म्हणाले असते, बिचारा, बाप गेला. तात्या रडत नव्हते. तात्या भांडत होते. मला ते भांडण म्हणून एकदा टेपवर हवं होतं.”

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “पण एक चूक हाय त्याच्यात. सवय होते, हे साहेब नाही म्हणाले. मी म्हणायची. रोज. ते जेवता जेवता वैतागायचे आन् मी म्हणायची, जेवा गप, सवय होते.”

“मला माहीत आहे,” प्रफुल्ल म्हणाला. “म्हणूनच साहेब घातलं.”

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलेलं मी बघितलं नव्हतं. मग त्या देवस्थळींकडे वळल्या.

“साहेब, गाणं ऱ्हाईल. घर आम्ही सोडताव.”

“वहिनी, विचार करा. चुकीचा व्हॉल्व्ह उघडल्याचं एकदा कागदावर आलं की—”

“कुणी उघडला?”

आप्पा दारात उभे होते. पट्ट्या सुटल्या होत्या, हातांची कातडी गुलाबी, नवी होती. हाच माणूस ऑफिसातून येऊन मला ‘गाणी पुष्कळ आहेत’ म्हणाला होता.

“मी तिथं होतो, साहेब. कुणी काही उघडलं नाही. तो व्हॉल्व्ह आपसूक गेला, कधीचा जायचा होता तो. तात्या बंद करीत होता. उद्या चौकशीत मी हेच सांगणार हाय.”

“घरत, तुमची पाच वर्षं राहिलीत.”

“राहू द्या,” आप्पा म्हणाले.

देवस्थळी उठले. फळांची पिशवी उचलावी की ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी ठेवून गेले.

आप्पांनी सांगितलं ते चौकशीत नोंदलं गेलं, आणि चुकीच्या व्हॉल्व्हचा विषय तिथेच संपला. तात्यांच्या नावाला डाग लागला नाही. दोन नंबर प्लँट पुढे कायमचा बंद झाला. आप्पांना वर्षाच्या आत घरी बसवलं गेलं, वेगळं कारण काढून. ‘सवय’ बाजारात आला. गाणं त्यात होतं, अगदी शेवटी. कॉलेजातल्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. त्यांना वाटायचं, वास म्हणजे काहीतरी प्रतीक असणार. आम्ही अजून दोन वर्षं कार्यक्रम केले. हे गाणं मात्र प्रफुल्लने स्टेजवर पुन्हा कधी म्हटलं नाही. लोक ओरडून मागायचे, तो पुढचं गाणं सुरू करायचा. तिसरा आल्बम झालाच नाही. कुणाचं भांडण झालं नाही. संपलं तेव्हा संपलं.

गाडीत मी जे बोलले त्याबद्दल मी त्याला एकदाच विचारलं. वाघचौरे क्वार्टर सोडत होते त्या दिवशी. टेम्पोत सामान चढलं होतं, काकू आणि निर्मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. प्रफुल्ल तात्यांचा पखवाज मांडीवर घेऊन टेम्पोच्या मागच्या फळीवर बसला होता.

“तू मला गप्प का नाही केलंस?” मी म्हणाले. “एक वाक्य बोलला असतास तर मी मेल्यासारखी गप्प झाले असते.”

तो पखवाजाची वादी उगाच ओढून बघत राहिला.

“तू पनवेलपासून काय म्हणत होतीस आठवतंय?” त्याने विचारलं.

मला आठवत होतं.

“तुझा बाप सुखरूप आहे, म्हणत होतीस. तात्या घरी बसलेत, चहा घेतायत, म्हणत होतीस. पुन्हा पुन्हा. इतक्या खात्रीने.” त्याने माझ्याकडे बघितलं. “मला वाटत होतं, हिने थांबू नये.”

ड्रायव्हरने टेम्पो सुरू केला. मी फळीवरचा हात काढला नाही, आणि टेम्पोने वेग घेईपर्यंत तशीच त्याच्याबरोबर चालत राहिले.